छोट्या तेरेजाची म्हातारी

ऑक्टोबर उजाडला तरी विस नावाच्या बेटावरचा पाहुण्यांचा राबता पुरता थांबला नव्हता, आणि दिंकाच्या अंगात त्राण म्हणून उरलं नव्हतं. उन्हाळाभर तिनं भाड्याच्या खोल्यांच्या चादरी धुतल्या होत्या. पूर्वी ती सार्डिन मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात होती. कारखाना बंद पडला, मग नवरा गेला, आणि ती थोरल्या बहिणीकडे, पेरिनाकडे, राहायला आली. तेवढाच आधार, असं तेव्हा दोघी म्हणाल्या होत्या. आता पेरिनाचे डोळे अधू झाले होते, बोटं संधिवातानं वाकडी झाली होती, कुणी धरल्याशिवाय चार पावलं टाकता येत नव्हती. जीभ तेवढी ठणठणीत होती.

सकाळची कॉफी झाली की दिंकानं त्या दिवसाच्या संताचं चरित्र वाचून दाखवायचं, असा नेम होता. पुस्तक आईच्या वेळचं. ऐकता ऐकता पेरिनाचा चेहरा निवळायचा. दिंकाला मात्र त्यातलं काही भिडत नसे. कुणी वर्षानुवर्षं खांबावर बसलेला, कुणी सिंहांपुढे टाकलेला. त्यांच्यापैकी एकाच्याही मागे ओल्या चादरींचा ढीग नव्हता.

त्या दिवशी दक्षिणेचा दमट वारा सुटला होता. तो सुटला की बेटावर माणसं विनाकारण भांडतात आणि कपडे वाळायचं नाव घेत नाहीत.

"आज छोट्या तेरेजाचा दिवस," पेरिना म्हणाली. "नीट वाच. शनिवारी अर्धं गाळलंस."

"काही गाळलं नव्हतं, ताई."

"गाळलंस. इतक्या झटकन कुणी हुतात्मा होत नाही."

दिंका वाचू लागली. स्वतःचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटत होता. फ्रान्समधली मुलगी, पंधराव्या वर्षी मठात गेली, चोविसाव्या वर्षी क्षयानं वारली. मोठं म्हणावं असं काही केलं नाही. त्या मठात एक अपंग, वृद्ध सिस्टर होती. तिला संध्याकाळी प्रार्थनेतून जेवणघरात न्यायचं काम या मुलीनं आपण होऊन घेतलं. म्हातारीला खूश करणं कुणालाच जमत नसे. जरा भरभर चाललं की ती म्हणे, पाडशील मला. हळू चाललं की म्हणे, तुझा हातच लागत नाही, सोडलंस वाटतं मला. मुलगी तिला कशीबशी नेऊन बसवी, तिचे अधू हात बघून पावही कापून देई, आणि निघताना हसून निघे.

दिंका थांबली. मान वर करायची तिची छाती होईना.

"त्या म्हातारीचं नाव दिलंय का?" पेरिनानं विचारलं.

"इथं नाही दिलेलं."

"नसणारच." पेरिना कप चाचपत राहिली. "तिला काय कळत नसेल, आपण किरकिर करतो ते? हाडं दुखत असतील बिचारीची. दुसऱ्याच्या हातात जीव द्यायचा म्हणजे भीती वाटते. पण पुस्तकात काय राहिलं? किरकिरी म्हातारी."

एवढी वर्षं दिंकाला या पानांत स्वतःसारखं कुणी सापडलं नव्हतं, ताई मात्र जागा मिळेल तिथं शिरत होती. "चल, न्हाणीघरात नेते," एवढंच ती म्हणाली.

एरवी स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत पेरिनाच्या तोंडाचा पट्टा चालू असे. अगं हळू, अगं कोपर दुखतंय, उंबरठा आला का, सांगत का नाहीस. त्या दिवशी ती गप्प होती. ओठ घट्ट मिटून चालत होती. दिंकाच्या डोक्यात चादरी होत्या. नेहमीची ओरड आली नाही म्हणून पाय आपोआप भरभर पडले, आणि उंबरठ्याला पेरिनाची चप्पल अडकली. दिंकानं कव घातली, पण तिच्या हातांतही जोर नव्हता. दोघी भिंतीला घसटत खाली बसल्या.

"लागलं का? कुठं लागलं?"

"कमरेला. मोडलं नाही काही."

"बोलली का नाहीस? पाय अडकतोय हे कळलं नाही तुला?"

"कळलं," पेरिना म्हणाली. "म्हटलं, आज एक दिवस कुरकुरायचं नाही."

दिंकाला हसू आलं, आणि हसता हसता रडू. ते आवरायचे कष्टही तिनं घेतले नाहीत.

"तू आपली कुरकुर कर गं बाई," ती डोळे पुसत म्हणाली. "तुझा पाय कुठं आहे ते मला त्यावरूनच कळतं."

"मग हसून नेशील?"

"ते नाही जमायचं. ती पोर विशीतली होती. मी सहासष्ट."

उठवायचा एकदा प्रयत्न झाला. जमलं नाही. मग दोघी थंड फरशीवर भिंतीला टेकून बसून राहिल्या. दिंकाला जाणवलं, कामाच्या वेळी असं नुसतं बसून किती काळ लोटला होता. शेजारच्या फ्रानेला हाक मारायची तर उठून खिडकीशी जावं लागलं असतं. थोड्या वेळानं दिंका खिडकीशी गेली आणि तिनं हाक मारली. फ्राने मासेमारीवरून नुकताच आला होता, अंगाला माशांचा वास तसाच. त्यानं पेरिनाला लहान मुलासारखं उचलून पलंगावर ठेवलं. "वजन कमी झालंय मावशी तुमचं," म्हणाला. "बोलणं कमी केलंत काय?"

दुपारी खोल्यांच्या मालकिणीचा फोन आला. दिंका एरवी हो हो म्हणत धावायची. आज तिनं सांगून टाकलं, "वारा बघताय ना. आज नाही होणार." समोरून "बरं" आलं. एवढं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. सोपं नव्हतंच. फोन ठेवल्यावर तिनं दिवसाचे बुडालेले पैसे बोटांवर मोजले.

ती पलंगाशी खुर्ची ओढून बसली. पेरिनाची कंबर सुजली होती. सुजेवर दिंकानं ओला फडका ठेवला आणि सकाळचं राहिलेलं पान उघडलं. ताईनं सांगितलं नव्हतं तरी उघडलं. त्यात होतं की तेरेजाला प्रार्थनेच्या वेळी झोप येई, आणि तिनं ती फार मनाला लावून घेतली नाही. आईबापांना लेकरं झोपेतही तितकीच आवडतात, असं ती म्हणे.

"मनात काय वाचतेस, मोठ्यानं वाच," पेरिना म्हणाली. दिंकानं वाचलं.

"उद्या कुणाचं आहे?" वाचून झाल्यावर दिंकानंच विचारलं.

"रक्षक देवदूतांचं."

"म्हणजे माणूस नाहीच."

"नाही."

"मग मला नको. दुखायला त्यांना गुडघेच नसतात."

"परवाचं बघू," पेरिना म्हणाली, आणि भिंतीकडे सरकून तिनं दिंकासाठी जागा केली. दिंका चपला न काढताच आडवी झाली.