आतला खिसा

कारखान्याच्या कामगारांचे कपडे शिवायचं काम मिळालं, त्या दिवशी मास्तरांनी नमुन्याचा कपडा कापायच्या टेबलावर पसरला, चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि तो उलटसुलट करून पाहिला. मग ते हसले. गळ्यापासून घोट्यापर्यंत एकच सलग कपडा, मनगटाला घट्ट पट्टी, चेन झाकायला वरून झापड, आणि खिसा औषधालासुद्धा नाही. उभा जन्म शिलाई मशीनवर घालवलेल्या माणसाला हे बघवेना. ज्यानं हा कपडा काढला त्याला एकतर शिवण येत नसावं, नाहीतर तो पक्का चिंगूस असावा, असं ते दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना म्हणाले.

कारण काय ते सुरक्षा अधिकाऱ्यानं त्यांना समोर बसवून सांगितलं होतं. भुकटी खिशात साठते, दुमडीत साठते, घडीत साठते. म्हणून दुमड नको, घडी नको आणि खिसा तर मुळीच नको. मास्तरांनी मान डोलावली. शिंप्याला गिऱ्हाइकाचं सगळंच पटतं, पटवून घ्यावंच लागतं. पण भुकटी म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर आली ती पिठाची गिरणी, आणि गिरणीवाला तर केसांपासून भुवयांपर्यंत पांढरा होऊन रोज घरी जातो आणि जेवायला बसतो. त्याला कुठे काय होतं?

कारखाना वस्तीच्या पलीकडे, ओढ्याच्या वरच्या अंगाला होता. खाणीतून आलेलं युरेनियम तिथे गाळून, धुऊन, शुद्ध करून पिवळ्या भुकटीच्या रूपात पिंपांत भरत. तो बांधायला काढला तेव्हा वस्तीत बरीच खडाजंगी झाली होती. शाळेच्या बाई घरोघर फिरून विचारत होत्या की ओढ्यात काय सोडणार, वारा कुठून कुठे वाहतो, मुलांनी खेळायचं कुठे. मास्तरांच्या दुकानात त्या आल्या तेव्हा मास्तर म्हणाले, बाई, बागुलबुवा शाळेतल्या मुलांना दाखवा, आमची दाढी पांढरी झाली. बाई आल्या तशा गेल्या आणि नंतर त्यांनी आपले कपडे दुसरीकडे शिवायला टाकले.

मास्तरांचंही काही अगदीच चुकत नव्हतं. तयार कपड्यांच्या दुकानांनी त्यांच्या धंद्याचं कंबरडं मोडलं होतं. पँट आखूड करा, चेन बदला, कंबर सैल करा, एवढ्यावर दुकान चाललं होतं. कारखाना आला आणि त्यांच्याकडे पुन्हा मशीनांची रांग लागली, गल्लीतल्या बायका शिवायला येऊ लागल्या, आणि सुनेलाही पिंपं भरायच्या खोलीत नोकरी लागली. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातून कधीतरी पाहुण्यासारखा उगवायचा. घर चालायचं ते या दोघांवर, सासऱ्यावर आणि सुनेवर, आणि दोघांचं गूळपीठ असं की ऐकणाऱ्याला हे बापलेक वाटावेत.

सून जिभेची तिखट होती. शिंप्याच्या घरात येऊन तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता, आणि याची लाज वाटायची सोडून ती ते कौतुकानं सांगायची. स्वतःचा कारखान्याचा कपडा अंगाला लावून बघायला ती दुकानात आली, दोन्ही हात कमरेवर नेले आणि खिसे सापडेनात म्हणून थांबली. "बाबा, जन्मभर पुरुषांना खिसे शिवलेत. आम्ही बायकांनी काय घोडं मारलंय तुमचं? रुमाल काय डोक्यावर ठेवू?"

सगळ्या बायका हसल्या, मास्तरही हसले. पण कपडा दोरीवर टांगल्यावर त्यांचं लक्ष पुन्हापुन्हा तिकडे जाऊ लागलं. कफनाला खिसा नसतो, असं त्यांचे वडील म्हणायचे. वडील म्हणायचे ते पैशाच्या हव्यासाबद्दल, हे मास्तरांना ठाऊक होतं. तरी त्या बिनखिशाच्या कपड्यात सुनेला पाठवायला त्यांचं मन घेईना. बायका जेवायला गेल्या तेव्हा त्यांनी झापडीच्या आत, डाव्या अंगाला, त्याच कापडाचा एक छोटा खिसा लावला. शिवण इतकी सपाट घातली की वरून हात फिरवला तरी कळू नये. शिवून झाल्यावर त्यांनी स्वतः हात फिरवून पाहिला आणि त्यांना मनापासून आनंद झाला.

सुनेला तो खिसा पहिल्याच दिवशी सापडला. घरी येऊन चहाचा कप पुढे करताना ती सासऱ्याकडे बघून हसली.

पिंपं भरायच्या खोलीत उकाडा फार. नाकावर मुखपट्टी, डोळ्यांवर चष्मा, आणि आत घामाच्या धारा. पिंपावर झाकण बसवून झालं की ती जरा बाजूला व्हायची, मुखपट्टी खाली करायची आणि खिशातल्या रुमालानं तोंड पुसायची. कामाची पाळी संपल्यावर कपडे तिथेच धुवायला टाकायचे, अंघोळ करायची आणि आपल्या कपड्यांत बाहेर पडायचं, असा नियम होता. तो ती काटेकोर पाळायची. फक्त रुमाल तेवढा पिशवीतून घरी यायचा. रुमाल म्हणजे काही कपडा नव्हे, असं तिला वाटलं असावं. घरी सहा वर्षांची टिल्ली त्याच्यासाठी दारात उभी असायची. आई दिवसभर नसायची म्हणून तिला आईचा रुमाल लागायचा. तो गालाखाली घेतल्याशिवाय ती झोपत नसे, आणि झोपेत त्याचं एक टोक तिच्या तोंडात असे.

कारखान्यात सगळ्या कामगारांची ठराविक काळानं लघवी तपासायचे. एका खेपेला सुनेच्या तपासणीत जे निघायला नको होतं ते निघालं, आणि बरंच निघालं. तिचं कपाट उघडलं, धुवायला टाकलेला कपडा उलटा केला, आणि मास्तरांची सपाट शिवण कोणाच्या तरी बोटाला लागली. खिशाच्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी पिवळी भुकटी होती. कोणी शिवला, असं अधिकाऱ्यांनी तिला विचारलं. सून म्हणाली, मी.

हे तिनं घरी सांगितलं तेव्हा मास्तर चपला घालायला उठले. तिनं दार अडवलं. कपडे शिवायचं काम गेलं तर गल्लीतल्या सगळ्या बायका घरी बसतील, आणि आपलं घर कशावर चालवायचं, असं ती म्हणाली. तिला कामावरून काढलं होतं. एकाचं गेलं तेवढं पुरे, तुम्ही तोंड उघडायचं नाही, असं तिनं त्यांच्याकडून वदवून घेतलं. मास्तर गप्प बसले आणि त्या दिवसापासून त्यांना अन्न गोड लागेना.

मग चौकशीत रुमालाचं निघालं, आणि टिल्लीला तपासायला न्यावं लागलं. तिच्यातही सापडलं. डॉक्टर तरुण होते, भले होते, आणि त्यांना काही नक्की सांगता येत नव्हतं. याचा त्रास मूत्रपिंडांना होतो, म्हणाले, पण होईलच असं नाही. आत्ता तर पोर ठणठणीत दिसतेय. दर काही महिन्यांनी तपासत राहू, पुढचं पुढे बघू. मास्तरांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांना पुढच्या तारखा दिल्या होत्या. तारीख देणाऱ्याच्या हातात काही नसतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. टिल्ली दवाखान्याच्या बाटलीत लघवी करायला लाजायची आणि आई आत सोबत आल्याशिवाय जायची नाही.

त्याच सुमारास कारखान्याचा दुसरा विभाग बांधायचं ठरलं. जागा शाळेमागचं मैदान. शाळेच्याच सभागृहात जनसुनावणी ठेवली. मैदानावर खुंट्या ठोकून दोऱ्या आधीच ताणल्या होत्या, म्हणजे लग्न लागलंच होतं, आता विचारायचं की मुलगी पसंत आहे का. आदल्या दिवशी बाई मास्तरांच्या दुकानात आल्या. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच उंबरा ओलांडला त्यांनी. सुनेचं आणि नातीचं तुम्ही उभं राहून सांगा, असं त्या म्हणाल्या. लोक माझं ऐकून कंटाळलेत, तुमचं ऐकतील. मागच्या बोलण्याचा त्यांनी चकार शब्द काढला नाही, आणि त्यामुळे मास्तरांना जास्तच ओशाळल्यासारखं झालं. मला यात ओढू नका, एवढंच ते म्हणाले आणि कात्री हातात घेतली.

सुनावणीला मात्र गेले. मागच्या ओळीत बसले. बाईंनी वाऱ्याचं विचारलं, ओढ्याचं विचारलं, वर्गाच्या खिडक्या कुठल्या बाजूला आहेत ते सांगितलं. सुरक्षा अधिकारी शांतपणे उत्तरं देत होता. भिंती, गाळण्या, बंद पिंपं. भुकटी खोलीच्या बाहेर जाऊच शकत नाही. आजवर एकच प्रकार घडला, तो म्हणाला, आणि त्यात कारखान्याचा काही दोष नव्हता. एका कामगार बाईनं निव्वळ हौसेखातर कपड्याला खिसा लावला आणि आपल्या हातानं भुकटी आपल्या मुलीपर्यंत नेली.

हौसेखातर, हा शब्द ऐकला आणि मास्तर कधी उभे राहिले ते त्यांनाच कळलं नाही.

"साहेब, खिसा मी शिवला," ते म्हणाले. "माझ्या सुनेला बटणसुद्धा लावता येत नाही. चूक माझी. पण मी खिसा रिकामा शिवला होता. त्यात आलं ते तुमच्या खोलीतल्या हवेतून आलं. खिसा नसता तर ते तिच्या छातीतच गेलं असतं ना? आणि हवा काय, खोलीपुरती असते?"

 कोणीतरी टाळी वाजवली आणि आपण एकटेच वाजवतोय हे बघून थांबवली. मंचावरच्या अध्यक्षांनी मास्तरांचे आभार मानले. इतक्या प्रामाणिकपणे चूक कबूल करणारी माणसं आजकाल दुर्मीळ झालीत, म्हणाले. म्हणजे खिसा नियमाबाहेर होता आणि तो घरातच शिवला, हे कुटुंबच मान्य करतंय, तेव्हा हा विषय इथे संपला. पुढचा प्रश्न. मास्तर अजून उभेच होते. हवेचं काय, असं त्यांना पुन्हा विचारायचं होतं, पण तोवर माईक तिसऱ्याच्या हातात गेला होता आणि तो रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल विचारत होता.

दारात सुरक्षा अधिकारी भेटला. त्यानं नमस्कार केला आणि नमुन्याचा कपडा उद्या परत पाठवून द्या, असं अगदी सौजन्यानं सांगितलं. शिवायचे राहिलेले कपडेही. बायकांना हे कसं सांगायचं, याचा विचार करत मास्तर घरी आले. बातमी त्यांच्या आधी पोचली होती.

सून ओट्याशी वाटाणे सोलत होती. तिनं मान वर केली नाही.  शेंग फोडत ती म्हणाली, "कशाला बोललात? खिसा मीच मागितला होता."

"मागितलास तू, शिवला मी. नियम मला समोर बसवून सांगितला होता."

नियम आपल्यालाही सांगितला होता, असं सून म्हणाली. वर्ग घेतला होता, सही घेतली होती. मुखपट्टी खाली करून तोंड पुसत होते ती मी. रुमाल घरी आणत होते ती मी. मास्तर म्हणाले, कारखाना बांधायला काढला तेव्हा बाईंना हसलो तो मी. तुला नोकरी लागावी म्हणून साहेबाला गळ घातली तीही मीच. असं बराच वेळ चाललं. दुसऱ्या घरांत माणसं दोष एकमेकांवर ढकलतात, इथे दोघं तो आपल्याकडे ओढत होते, आणि ज्यांनी भुकटी केली, वाहिली, विकली, त्यांचं नाव दोघांच्याही तोंडी येत नव्हतं. ते मास्तरांच्या एकदम लक्षात आलं आणि ते थांबले.

टिल्ली दारात उभी होती. कधीपासून, कोणास ठाऊक. तिच्या हातात आजोबांनी उरलेल्या कापडाचा करून दिलेला नवा रुमाल होता, ज्याला कसलाच वास येत नव्हता.

"रुमाल तर मी मागायचे," ती म्हणाली. "आई द्यायची नाही तेव्हा मी रडायचे."

सुनेच्या हातातली शेंग तशीच राहिली. मास्तरांनी पोरीला जवळ ओढलं आणि तुझं काही चुकलं नाही, असं सांगितलं. दोनदा सांगितलं. टिल्लीनं ते नीट ऐकून घेतलं, पण तिला ते पटलेलं दिसलं नाही. आत्ताच तर दोघं मोठी माणसं चूक कोणाची म्हणून भांडत होती, आणि चूक कोणाची तरी असणारच.  मग आजोबांच्या सदऱ्याचं बटण बोटांनी फिरवत तिनं हळूच विचारलं:

"मीच जाऊन सांगू का त्यांना? मी लहान आहे, मला नाही रागावणार."