फ्लेक्सवरची अरीबा

डॉ. रश्मी तायडे यांना समितीचं अध्यक्षपद मिळालं ते चहा पिता पिता. अकोल्याच्या कापूस संशोधन केंद्राचे संचालक डॉ. सहदेवराव गावंडे यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "मॅडम, दिल्लीवाल्यांनी विविधता आणि समावेशन समिती मागितली आहे. नसली तर पुढचा निधी अडकतो. तुम्हीच अध्यक्ष व्हा. एका दगडात दोन पक्षी."

पक्षी कोणते ते रश्मीला लगेच कळलं. एक बाई, आणि दुसरा तिच्या आडनावावर बसलेला. दोन्ही पक्षी तीच होती.

"सर, माझं काम गुलाबी बोंडअळीवर आहे. ऐन हंगामात समित्या कुठं सांभाळू?"

"अहो, काम काही नाही त्यात. फोटो काढायचे, अहवाल पाठवायचा."

सरांचा हा शब्द मात्र शंभर टक्के खरा निघाला.

रश्मीला असल्या समित्यांचा मनापासून तिटकारा होता. दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून ती निघाली, पुण्याला पीएच.डी. केली, आणि तिथल्या पहिल्याच वर्षी वऱ्हाडी 'मले-तुले' असं काही खोल गाडून टाकलं की पुढे गावी गेल्यावर आईच तिला 'अहो मॅडम' म्हणायला लागली. केंद्रात तिची निवड खुल्या यादीतून झाली होती. हे ती कुणी विचारलं तर सांगायची, आणि कुणी विचारलं नाही तरी दहा मिनिटांत विषय तिथं आणायची. तरी पाठीमागे लोक जे बोलायचे तेच बोलत. खुली यादी लोकांच्या तोंडाला थोडीच झाकण घालते!

याचा परिणाम असा झाला, की मुलाखतीत आपल्या समाजातलं लेकरू समोर बसलं की रश्मी त्याला इतरांपेक्षा दोन प्रश्न जास्त विचारायची, आणि तेही अवघड. कुणी म्हणायला नको, तायडे मॅडम आपल्या माणसांना ओढतात. गावंडे सर तिचं फार कौतुक करत. "मॅडमसारखी निःपक्ष बाई पाहिली नाही," म्हणत. निःपक्षपणाचा हा नमुना त्यांना इतका आवडला होता, की स्वतःसाठी मात्र त्यांनी तो कधी वापरला नाही.

समिती स्थापन झाली. समावेशन सप्ताह साजरा झाला. त्यात रांगोळी स्पर्धा झाली आणि महिला शास्त्रज्ञांना गुलाबाची रोपं वाटण्यात आली. ज्या बाईनं जन्मभर पिकांवरच्या बुरशीचा अभ्यास केला होता तिला 'विज्ञान आणि गृहिणी' यावर दोन शब्द बोलायला लावलं. अध्यक्ष म्हणून रश्मीनं सगळ्यांचे आभार मानले आणि घरी जाऊन डोकेदुखीची गोळी घेतली.

त्याच सप्ताहात रश्मीच्याच प्रकल्पावर संशोधन सहायक नेमण्यासाठी मुलाखती होत्या. काम शेतातलं. दर्यापूरच्या प्लॉटवर आठवड्यातून चार दिवस जायचं, कामगंध सापळ्यात अडकलेले पतंग मोजायचे, बोंडं फोडून आतली अळी बघायची. उमेदवार व्हरांड्यात बसले होते. अहवालासाठी बोलावलेला फोटोग्राफर तिथं विविधता शोधत हिंडत होता. त्याला ती तिसऱ्या खुर्चीवर सापडली, हिरवी ओढणी डोक्यावरून घेतलेली. "ताई, जरा त्या सूक्ष्मदर्शकात पाहा ना," सप्ताहाच्या प्रदर्शनासाठी मांडलेल्या टेबलाकडे बोट दाखवत तो म्हणाला. ताईनं पाहिलं. त्यानं खटाखट फोटो काढले आणि तो निघून गेला.

तीच अरीबा. अकोल्याच्या जुन्या शहरात गाद्या भरणाऱ्या अब्दुल सत्तार यांची मुलगी, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. आत आली तेव्हा रश्मीनं तिला नेहमीचे अवघड प्रश्न विचारले. अरीबानं एकेक उत्तर असं दिलं की रश्मीला आपण पुण्यात होतो तेव्हाची आठवण आली. एका ठिकाणी तर ती म्हणाली, "मॅडम, ते पुस्तकात आहे तसं आपल्याकडे होत नाही," आणि का होत नाही तेही सांगितलं. गावंडे सर तेवढ्यात मोबाईलवर कुणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो पाहत होते.

ती बाहेर गेल्यावर सरांनी मोबाईल ठेवला. "पोरगी हुशार आहे, वादच नाही. पण शेतातलं काम आहे हे. ऊन, धूळ, काळी-पिवळी जीप, त्यात कोंबलेली माणसं. हिच्या घरचे पाठवतील का? उगाच आपल्यापायी लेकराची ओढाताण."

"आपल्या मनात काही नाही हो," मुलाखत घेणारे दुसरे सदस्य म्हणाले. "तिच्या भल्यासाठीच म्हणतो आपण."

"तेच तर. भल्यासाठीच."

अशा रीतीनं अरीबाचं भलं अवघ्या दोन मिनिटांत झालं. बाहेर ती अजून बसलेली होती. दार उघडून 'बाई, तू दर्यापूरला जाशील का?' एवढं विचारायला फार तर अर्धं मिनिट लागलं असतं. पण आमच्याकडे कुणाचं भलं करायचं असलं की त्याला विचारायची पद्धत नाही. विचारलं आणि तो भलतंच बोलला तर?

जागा योगेशला द्यायचं ठरलं. योगेश सरांच्या साडूचा पुतण्या होता, पण तो योगायोग होता. सरांचे असे योगायोग दरवर्षी जुळून येत. रश्मीनं अरीबाला सर्वांत जास्त गुण दिले होते. तोंडानं मात्र ती काहीच बोलली नाही. पेनाला टोपण लावलं आणि उठली. त्या दिवशी तिला स्वतःची मनस्वी चीड आली, पण ती चीडही तिनं बोंडअळीसारखी आतच ठेवली. निकाल जाहीर व्हायला वेळ होता. समितीचं काम पाहायला निधी देणाऱ्या कार्यालयातल्या दिल्लीच्या बाई अमरावतीला येणार होत्या, त्यांचा कार्यक्रम उरकल्यावर बाकीचं.

त्या कार्यक्रमासाठी सरांनी फ्लेक्स छापले. एक अमरावतीच्या सभागृहात, एक अकोल्यात जठारपेठेच्या चौकात. वर मोठ्या अक्षरांत 'प्रत्येकाला संधी'. खाली कार्यक्रमाची तारीख, ठिकाण आणि हात जोडलेले गावंडे सर. आणि मधोमध सरांच्या तिप्पट आकाराची, हिरव्या ओढणीतली, सूक्ष्मदर्शकात डोकावणारी अरीबा.

रश्मीनं तो फ्लेक्स थेट अमरावतीला, सभागृहाच्या दारात पाहिला. सरांना गाठून ती हळूच म्हणाली, "सर, ही मुलगी... हिला आपण घेतलेलं नाही."

"कोणती?"

"ही. फ्लेक्सवरची."

सरांनी फ्लेक्सकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. स्वतःचा फोटो ठीक आला आहे अशी खात्री करून घेतली. "असू द्या हो. प्रातिनिधिक आहे ते."

आता गोष्ट इथंच थांबली असती तर सगळ्यांच्याच सोयीचं होतं. पण जठारपेठेत एका घरी गादी पोचवायला गेलेल्या अब्दुल सत्तारांनी चौकात मान वर केली होती. त्यांनी हातगाडी तिथंच उभी केली, फ्लेक्स डोळे भरून पाहिला, आणि घरी जाता जाता पेढ्यांचे दोन डबे घेतले. एक डबा मोहल्ल्यात संपला. दुसरा डबा आणि लेक, दोघांना घेऊन ते पॅसेंजरनं अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला उतरले आणि ऑटो करून सभागृहाच्या दारात हजर झाले.

"मॅडम!" त्यांनी रश्मीपुढे डबा धरला. "घ्या, तोंड गोड करा. आमाले तं कोनी कळवलंबी नाही. फ्लेक्स पाहूनच समजलं. म्हनलं, चला, मॅडमचे आभार मानून येऊ."

अरीबा त्यांच्या मागे उभी होती. ती बापासारखी भोळी नव्हती. "मॅडम, निकाल लागला काय?" तिनं विचारलं.

रश्मीच्या हातात पेढा होता. तो तोंडात टाकवेना, खाली ठेववेना. "कार्यक्रम होऊ दे," ती पुटपुटली. "मग बोलू."

सभागृह भरलं. दिल्लीच्या बाई आल्या. स्वागतगीत झालं, दीपप्रज्वलन झालं, सत्कार झाले, सत्कार करणाऱ्यांचे सत्कार झाले. वऱ्हाडात एकदा शाल-श्रीफळाचा हात चालू झाला की तो सहजी थांबत नाही, आणि गावंडे सरांचा तर मुळीच नाही. एक शाल उरली होती. सरांनी ती हातात घेऊन सभेवर नजर फिरवली, आणि त्यांना तिसऱ्या रांगेत हिरवी ओढणी दिसली. त्यांनी मागच्या फ्लेक्सकडे पाहिलं, पुन्हा रांगेकडे पाहिलं. चेहरा हरखला.

"अरे वा! आपल्या फ्लेक्सवरची कन्याच इथं उपस्थित आहे! या, या, वर या. वडिलांनाही आणा!"

शाल अब्दुल सत्तारांच्या खांद्यावर पडली, नारळ अरीबाच्या हातात आला, टाळ्यांचा कडकडाट झाला. दिल्लीच्या बाई खुर्चीतून उठल्या. त्यांनी अरीबाचा हात हातात घेतला आणि माईकसमोरच विचारलं, "कब से काम कर रही हैं आप यहाँ?"

अरीबानं सरांकडे पाहिलं. सर हसले. त्यांना नाव आठवत नव्हतं, मुलाखत आठवत नव्हती, आणि दारात रश्मीनं सांगितलेलंही सत्कारांच्या गर्दीत ते विसरून गेले होते. पण संचालकाची खुर्ची माणसाला एक विद्या देते, ती म्हणजे नको असलेला माईक दुसऱ्याच्या हातात देणे. "ते आमच्या समितीच्या अध्यक्षा डॉ. तायडे सांगतील," सर म्हणाले.

माईक रश्मीच्या हातात आला. 'नुकतीच लागली' एवढं म्हटलं की भागत होतं. बाई दिल्लीला जातील, निधी येईल, निकालात योगेश येईल, आणि हा म्हातारा उरलेल्या जन्मात मोहल्ल्यातून खाली मान घालून चालेल. म्हातारा शाल सावरत तिच्याकडे कौतुकानं पाहत होता.

"ही इथं काम करत नाही," ती म्हणाली. "हिनं मुलाखत दिली होती. सगळ्यांत चांगली दिली. आम्ही हिला घेतलं नाही, कारण ही शेतात जाऊ शकणार नाही असं आम्ही आपसांत ठरवलं. हिला विचारलं नाही. त्या खोलीत मीही होते." मग ती अरीबाकडे वळली, आणि पुण्यात गाडलेलं सगळं एकदम वर आलं. "अरीबा, आता विचारतो तुले. दर्यापूरच्या प्लॉटवर जाशीन काय? काळी-पिवळीनं जा लागते, उन्हातान्हात."

अरीबानं नारळ बापाच्या हातात दिला. "मॅडम, मी दर्यापूरलेच शिकवतो. तिथल्या ज्युनिअर कॉलेजात, तासिकेवर. तीन वर्सं झाले, काळी-पिवळीनंच जानं-येनं करून राहिली."

सभागृहात कुणीतरी फिस्सकन हसलं. मग बरेच जण हसले. दिल्लीच्या बाईंना शेजारच्यानं हिंदीत समजावून सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी गावंडे सरांकडे पाहिलं आणि विचारलं, "तो फिर दिक्कत क्या है?"

"काहीच नाही! दिक्कत कसली!" सरांनी माईक परत घेतला. या माणसाला बुडवणं सोपं नव्हतं. पाण्यात टाकला तरी हारासकट वर येणारा गडी. "सोमवारी ऑर्डर निघेल. बघा, भर सभेत आपली चूक सुधारणारी संस्था आहे ही. याला म्हणतात समावेशन!" लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. अब्दुल सत्तारांनीही वाजवल्या, पण हळू.

ऑर्डर खरोखर सोमवारी निघाली. योगेशची दुसऱ्या प्रकल्पात सोय झाली. अशा पोरांची सोय कधी अडत नाही. समितीचं काम यशस्वीरीत्या पूर्ण झाल्याचं पत्र देऊन रश्मीला अध्यक्षपदावरून मोकळं करण्यात आलं. तिनंही लेखी कळवलं, की समितीत मी साधी सदस्य म्हणून राहीन, आणि यापुढे प्रत्येक मुलाखतीला समितीचं एक माणूस बसेल. सरांनी तो कागद वाचला आणि त्या दिवशी चहा बशीत न ओतताच प्यायला.

पहिल्या दिवशी दोघी काळी-पिवळीनं दर्यापूरला निघाल्या. केंद्राची गाडी नेमकी सरांच्या कामावर गेली होती. मागच्या बाकावर दोघी दाटीवाटीनं बसल्या, जीप भरायची वाट पाहत. रश्मी खुशीत होती. आयुष्यात पहिल्यांदा आपण कुणासाठी तोंड उघडलं, आणि ते फळाला आलं. पोरगी आता आभार मानेल असं तिला वाटत होतं, आणि खोटं कशाला सांगा, ती त्याची वाटही पाहत होती.

"मॅडम, एक इचारू काय?"

"विचार ना."

"त्या दिवशी मुलाखतीत तुमी काहून नाही बोलल्या?"

रश्मीनं सुस्कारा सोडला. पण खरं ते सांगितलं. "भेव वाटे बापा. जनम गेला माहा, तायडे मॅडम आपल्यातल्याईलेच ओढते, असं कोनी म्हनू नये म्हनून."

अरीबाच्या आवाजात राग नव्हता. मुलाखतीत उत्तर देताना होता तसाच साधा, सरळ आवाज होता.

"पन मॅडम, मी तं तुमच्यातलीबी नव्हती."