मिठावर ठेवलेले चिरूट

आमच्या ब्रेन्या गावात एखादी गोष्ट हातात घेताच तिचा चुरा झाला, की लोक म्हणतात, ‘हा बघा मार्सेलिनोचा चिरूट.’ मग तो शिळा पाव असो, जुनी छत्री असो, नाहीतर कुणाचं लग्न असो. मार्सेलिनो माझे सासरे. चिरूट वळण्यात अख्ख्या ला पाल्मा बेटावर त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण लोकांनी लक्षात ठेवलं ते हे.

इथल्या रीतीप्रमाणे चिरूट वळणारा आपल्या मयतासाठी पेटीभर चिरूट स्वतःच वळून ठेवतो. मातीला आलेल्या पुरुषांना त्यातला एकेक दिला जातो आणि ते अंगणात उभे राहून तो संपवतात. सासरे गेले तेव्हा कलीमा सुटला होता. आफ्रिकेकडून येणारा हा धुळीचा वारा इतका कोरडा, की चादर दोरीवर टाकेपर्यंत वाळते. पेटी कपाटावर तशीच राहिली होती. समोरच्या गल्लीतला सिरिलो, तोही चिरूट वळणाराच, त्यानं पहिला चिरूट उचलून बोटांत दाबला आणि सगळा भुगा प्रेताजवळच्या फरशीवर पडला. कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. माझा नवरा एव्हारिस्तो बापाच्या उशाशी उभा होता, आणि ते हसणं तो कधीच विसरला नाही.

म्हणून डॉक्टरांनी जेव्हा त्याला सांगितलं की फुप्फुसं आतून घट्ट होत चाललीत, यावर औषध नाही, तेव्हा तो रडला नाही की देवाला बोलला नाही. घरी आला, माळ्यावरची उरलीसुरली पानं काढली, खुर्चीला उशी लावली आणि दम खात खात पेटीभर चिरूट वळले. मी जन्मभर तंबाखूच्या पानांच्या शिरा काढल्यात, मला त्यातलं कळतं. चिरूट झकास झाले होते. शेवटचं पान संपलं तेव्हा हात पुसत तो मला म्हणाला, “हे माझ्याआधी मरता कामा नयेत, ओब्दुलिया. तेवढं बघ.”

तेवढं बघ म्हणे! महिने लागतील, कदाचित वर्षही निघेल, असं डॉक्टर म्हणाले होते. तोवर चिरुटांना ओलावा हवा, तोही बेताचा. कमी पडला तर तडकतात, जास्त झाला तर बुरसतात. सांताक्रूझच्या दुकानात यासाठी विजेवर चालणारं काचेचं कपाट होतं. त्याची किंमत ऐकून मी दुकानदाराला विचारलं, यात नवराही मावतो का. तो बिचारा हसला नाही.

मग सल्ले सुरू झाले. नणंद एलोइना म्हणाली, बटाट्याची फोड ठेव, आई तेच करायची. आई तेच करायची आणि चिरुटांना रस्सा उकळल्यासारखा वास यायचा, हे ती सोयीनं विसरली. साबणाच्या डबीत ओला स्पंज ठेवून पाहिला. तो पहिल्या दिवशी पेटीभर पाणी सोडी आणि नंतर कडकडीत वाळून जाई. तेनेरिफेला असलेल्या आमच्या मुलीनं, दासिलनं, ओलावा राखणाऱ्या तयार पुड्या पाठवल्या. पुड्या चांगल्या होत्या, पण संपल्या की पुन्हा विकत घ्यायच्या, आणि आमच्या पेन्शनीत एव्हारिस्तोच्या गोळ्याच जेमतेम बसत होत्या.

शेवटी मी मिठावर आले. माझा बाप दक्षिणेकडच्या मिठागरात राबला. ओलं मीठ बंद हवेला फार भिजूही देत नाही आणि फार सुकूही देत नाही, हे मी त्याच्याकडून लहानपणीच ऐकलं होतं. बरणीच्या झाकणात मूठभर मीठ घेतलं, इस्त्रीत घालायचं शुद्ध पाणी त्यावर थेंबथेंब सोडलं आणि भाजल्या पिठाच्या गोफ्यासारखं घट्ट कालवलं. ते झाकण पेटीच्या कोपऱ्यात ठेवलं आणि ती देवदाराची पेटी उघडीच एका मोठ्या प्लॅस्टिकच्या डब्यात घालून डब्याचं तोंड घट्ट लावलं. खर्च म्हणाल तर कॉफीच्या एका कपाइतका.

एव्हारिस्तोला डबा बघवेना. “माझे चिरूट म्हणजे काय रात्रीचं उरलेलं मटण आहे?”

“तुझ्या बापाची पेटी नुसत्या देवदाराची होती,” मी म्हटलं. “पुढचं मी सांगू की तू सांगतोस?”

दासिलनं ओलावा दाखवणारं एक स्वस्तातलं काट्याचं यंत्रही धाडलं होतं. ते आत ठेवलं. काटा एका जागी जाऊन बसला तो बसलाच. थंडी सरली, कार्निव्हल आला नि गेला, काटा हलला नाही. त्या दिवसांत मला माझा फार अभिमान वाटायचा.

मग कलीमा आला. आभाळ पिवळं झालं, समोरचा डोंगर दिसेना, दाराच्या फटींत मी ओली फडकी कोंबली. एव्हारिस्तो आता खाटेवरच असे, चार उशांना टेकून. धूळ पाहून त्याचा जीव थाऱ्यावर राहीना. बापाचं मयत त्याला पुन्हा दिसायला लागलं असणार. डबा खाटेशेजारी आणून ठेव म्हणाला. ठेवला. रोज दुपारी तो एक चिरूट काढायचा, कानाशी धरून दोन बोटांत हलकेच फिरवायचा. वळणारे असंच पारखतात. नीट असलेला चिरूट कानाशी कुजबुजतो, कोरडा पडलेला चुरचुरतो, भिजलेला मुका होतो.

“चुरचुरतायत,” तो म्हणाला.

मी काटा दाखवला. तो म्हणाला, काटा बाजारातून आला, हे कान मार्सेलिनोकडून आलेत. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मी मीठ तपासलं, ते ओलं होतं. मी चिडले. मरणाच्या दारात उभा आहेस तरी हट्ट सुटत नाही म्हणाले. असं बोलू नये, पण मी बोलले. तो डब्यावर हात ठेवून पडून राहिला. पुढे तर मला डब्याला हातही लावू देईना.

वारा पडल्यावर एकदा मी त्याला सूप भरवत होते. डब्याखालच्या सतरंजीवर पाय पडला तर ती ओली लागली. त्याला न विचारता मी झाकण उघडलं. मीठ पार विरघळून गेलं होतं आणि त्याचं पाणी पेटीभर झालं होतं. पिण्याच्या पेल्यातलं पाणी तो रोज आत ओतत होता. चिरूट फुगून शिवणीत उकलले होते आणि सगळ्यांवर हिरवट लव आली होती. तळातलाही वाचला नव्हता. वळायला घरात एक पान शिल्लक नव्हतं आणि वळणारे हात तर पेलासुद्धा नीट धरू शकत नव्हते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यातला एक उचलून मी कानाशी फिरवला. मुका. ओल्या चिंधीसारखा मुका. तो त्याच्यापुढे नाचवून मी म्हणणार होते, घे, हे तुझ्या बापाचे कान.

त्यानं तो माझ्या हातातून घेतला. त्याची बोटं टोकांना निळी झाली होती, त्यांना ना लव कळली ना ओल. डोळेही आता फारसं पाहत नव्हते. त्यानं चिरूट कानाशी धरला, श्वास घेतला आणि त्याचा चेहरा पडला.

“अजून चुरचुरतायत, ओब्दुलिया. तू ऐक ना.”

मी वाकले. माझा गाल त्याच्या गालाला लागला, आणि ते मला ऐकू आलं. वाळलेलं पान मुठीत चुरगळावं तसं, बारीक, अगदी जवळून. त्यानं श्वास घेतला की यायचं, सोडला की थांबायचं. चिरूट मुकाच होता. चुरचुरत होती ती त्याची छाती.

तशीच वाकलेली राहिले. काय सांगायचं होतं मी त्याला? की तुझे कान शाबूत आहेत, तुला ऐकू येतंय ते खरंच आहे, फक्त वाळतंय ते पेटीतलं नाही?

“हो रे,” मी म्हणाले. “कोरडेच आहेत.”

“मी सांगत होतो.”

“तू सांगत होतास. माझंच चुकलं.”

“पाणी घाल.”

मी त्याचाच पेला उचलला आणि त्याच्यासमोर पेटीत पाणी ओतलं. त्याला बरं वाटलं. त्यानंतर रोज दुपारी तो म्हणायचा आणि मी ओतायची. ज्या पेटीसाठी मी एवढी धडपडले ती माझ्याच हातानं बुडवली, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बुडवेन.

तो गेला तेव्हा हवा स्वच्छ होती. वाऱ्याचा मागमूस नव्हता. दुपारपर्यंत अंगण भरलं. दासिल आली, एलोइना रडून घेऊन कॉफी करायला लागली. पुरुष भिंतीला टेकून उभे होते आणि कुणी काही मागत नव्हतं, पण सगळ्यांचे डोळे दाराकडे होते. शेवटी सिरिलोच आत आला. आता म्हातारा झालाय, काठी टेकत चालतो.

“ओब्दुलिया, पेटी?”

मी डबा आणून प्रेताशेजारच्या टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. वास खोलीभर झाला. “बापाचे तडकले, याचे कुजले,” मी म्हणाले. “हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.”

कुणी हसलं नाही. सिरिलोनं त्या हिरव्या लवेत हात घातला, एक चिरूट उचलला आणि सवयीनं कानाशी नेला. बराच वेळ बोटांत फिरवत राहिला.

“काहीच वाजत नाही,” तो म्हणाला.

मी खाटेकडे पाहिलं. खरंच, काहीच वाजत नव्हतं.