कुलपाची पेटी

सोयरिकीच्या बैठकीत माझ्या बापानं, भिमाजीनं, दहा तोळे सोनं कबूल केलं तेव्हा घरात गुंजभरही नव्हतं. बडा घर पोकळ वासा म्हणावं, तर आमचं घरही बडं नव्हतं. त्यात लढाईमुळे सोनं कडाडलेलं. मग बापानं लोखंडी पेटीत नदीतले गोटे जुन्या लुगड्यात गुंडाळून भरले, वर कुलूप ठोकलं आणि मला म्हणाला, "किल्ली हरवली म्हन. दिवाळीपतुर करतो मी कायतरी." आमच्या गावी, देवळालीत, पेटी बैलगाडीवर चढवायला दोन गडी लागले. वऱ्हाड खूश!

पण लेक शिंगणापुरात दिलीय, हे शहाण्याच्या ध्यानातच राहिलं नाही. जिथं शनिदेवाच्या भरवशावर घराला दार नाही, तिथं पेटीला कुलूप? तिसऱ्याच दिवशी शेजारची बायडाबाई सासूबाईंना म्हणाली, "रंगुबाई, देवाचा कोप व्हईल हां."

सासूबाई रोज किल्ली मागायच्या. मी रोज 'हरवली' म्हणायचे आणि भाकरी थापत राहायचे. मला टाकून दिलं तर बाप तोंड कुठं लपवील? आणि मी कुठं जाऊ?

अमावास्येच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी वरवंट्यानं कुलूप फोडलं. बघायला चार बाया जमलेल्या. सासूबाईंनी झाकण अर्धंच उचललं, आत हात घालून चाचपलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. झाकण दाणकन आपटून त्या पेटीवरच बसल्या.

"दहा कसलं, जास्तीच हाय," त्या म्हणाल्या. "दृष्ट लागंल. न्हाई दावायचं."

बाया गेल्या. आता मार बसणार, म्हणून मी डोळे मिटले. पण सासूबाईंनी ज्वारीच्या कणगीतून सोन्याच्या पुतळ्यांची माळ काढली. ती घरात कुणालाच ठाऊक नव्हती. माझ्या गळ्यात घालत म्हणाल्या, "बापानं दिली म्हन. गावभर दहा तोळं सांगून बसलेय मी. माज्या तोंडाला काळं लावू नगं."

दिवाळीला बाप मला न्यायला आला, रिकाम्या हातानं. ओसरीवर गावची माणसं बसलेली. माझ्या गळ्याकडं बघून तो गोंधळला. सासूबाईंनी चहा पुढं केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "व्याही, माळ लई देखनी घडवली तुमी."

मला बापाचा राग आला, आणि त्याहून जास्त कीव आली.

"व्हय," तो खाली बघत म्हणाला. "लेकीसाटीच घडवली."

चहा तसाच ठेवून तो उठला. मी गाठोडं घेऊन उंबऱ्यापाशी उभी होते. तो मला न घेताच गेला.