चढावरचा काळा धूर

"टर्बो गेला," मेव्हण्यानं निकाल देऊन टाकला आणि बॉनेटवरचा हात काढून पँटला पुसला.

पिकअप अंगणात उभी होती आणि घरात पोरीला कळा येत होत्या. ही दोन्ही संकटं एकाच दुपारी यावीत असं कुणी वैरानं ठरवलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं. पोरीचे दिवस अजून भरले नव्हते. नर्सबाई मागच्या खेपेला पोट चाचपून बजावून गेल्या होत्या, बाळ आडवं आहे, घरी बाळंतपणाचा विचारसुद्धा करू नका, पहिली कळ आली की दवाखाना गाठा. दवाखाना टेकडीपलीकडे. आणि टेकडीचा रस्ता म्हणजे नुसता चिकणमातीचा उभा चढ. नुसती सायकल हातात धरून नेतानाही माणसाची दमछाक व्हायची.

ड्रायव्हरनं वेळ घालवला नव्हता. पहिल्या कळेलाच बायकोला आणि पोरीला गाडीत बसवून तो निघाला होता. सपाटीला गाडी बरी चालली. चढ लागला तशी तिनं मान टाकली. ॲक्सिलरेटर तळाला टेकला तरी ओढ म्हणून नाही, मागं काळ्या धुराचा लोट, आणि इंजिनात हवा कोंबताना नेहमी शीळ घालणारा टर्बो धाप लागल्यासारखा नुसता फुसफुसत होता. अर्ध्या चढावरून, बाळंतपणाला निघालेल्या पोरीला घेऊन, त्यानं गाडी उलटी खाली आणली. ती उतरण त्याच्या जिवावर आली होती. घरी पोचल्या पोचल्या त्यानं बॉनेट उघडलं.

रुग्णवाहिकेला फोन झाला होता. ती दुसऱ्या टोकाला गेली होती, संध्याकाळ होईल म्हणाले. आणि पलीकडं टेकडीच्या डोक्यावर ढग जमायला लागले होते. चिकणमातीवर चार थेंब पडले की त्या चढावर बकरीसुद्धा ठरत नाही, हे गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. गावात त्याला एक्सपर्ट म्हणायचे. पंप असो, टीव्ही असो, कुणाची पाठ धरलेली असो, त्याचं मत आधी तयार असायचं. त्याच्याकडं ट्रॅक्टर होता. ट्रॉलीत गाद्या टाकू, भाचीला झोपवू, हळूहळू नेऊ, असं त्याचं म्हणणं पडलं. वाईट मनानं नव्हता सांगत बिचारा, पण त्या ट्रॉलीतून बटाटे नेले तरी ते सोलून निघायचे.

आत पोरीजवळ शेजारणी होत्या, बायको दारात उभी होती. "ट्रॉलीत नाही," एवढंच ती म्हणाली.

"आक्का, टर्बो गेलाय म्हटल्यावर ही गाडी आता हलत नसते. नवा बसवावा लागतो. दाजी, तुम्हीच सांगा तिला."

दाजीचं, म्हणजे ड्रायव्हरचं, लक्ष इंजिनातच होतं. त्यानं बॉनेटखाली डोकं घातलं होतं. या गाडीवर त्याची हयात गेली होती. तिची शीळ, तिचा खोकला, सकाळचा आळस, सगळं त्याला पाठ होतं. काहीतरी जुळत नव्हतं. ऑइलची पट्टी काढून बघितली, ऑइल बरोबर होतं. टर्बो खरंच गेला असता तर ऑइल जळून निळा धूर आला असता. धूर होता काळा. म्हणजे डिझेल पोचतंय, हवा पोचत नाही. हवा कुठंतरी बाहेर तरी निसटतेय, नाहीतर आत तरी येत नाहीये.

"ट्रॅक्टर काढून ठेव," तो मेव्हण्याला म्हणाला. "गाद्या टाक. मी तोवर बघतो. पोरीला सोसवेना झालं की मग वाद घालायचा नाही, ट्रॉलीतून निघायचं."

हे बायकोनंही ऐकलं. तिनं मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

आधी टर्बोपासून इंजिनाकडं जाणारे पाइप बघायचे होते. त्यांना फट पडली तर साबणाच्या पाण्याचे फुगे येतात. त्यानं साबणाची बाटली उचलली तर तिच्या तोंडात चिंधी कोंबलेली. चिंधी बाहेर काढता काढता त्याचा पाराच चढला.

त्याला कारण होतं. या घराला कुंभारणीचा शाप होता. कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची काळी गांधीलमाशी. मातीचा गोळा तोंडात धरून येते आणि दिसेल त्या भोकात घर बांधते. नळाच्या तोंडात, कुलपात, रेडिओच्या मागं, एकदा तर चष्म्याच्या डबीत. म्हणून बायको प्रत्येक उघड्या तोंडात चिंधी कोंबायची. बाटली, नरसाळं, पाण्याचा पाइप, काही सुटायचं नाही. या सवयीवरून ड्रायव्हरनं तिची चारचौघांत इतकी थट्टा केली होती की पाहुणेसुद्धा आल्याआल्या विचारायचे, आज काय काय बुजवलं.

"घरात एक भोक मोकळं ठेवत नाहीस," तो आता तिच्यावर खेकसला. "पोर तिकडं तळमळतेय आणि मी इथं बोळे उपसत बसू?"

बायकोनं बाटली हातातून घेतली, साबण भांड्यात ओतला, पाणी घातलं आणि भांडं धरून शेजारी उभी राहिली. आतून पोरीचा आवाज आला तशी तिची मान तिकडं वळली, हात मात्र हलला नाही.

मेव्हण्यानं ट्रॅक्टर दाराशी आणला होता. त्याला पिकअपच्या सीटवर बसवून ड्रायव्हरनं ॲक्सिलरेटर दाबायला सांगितलं. इंजिन गरजलं. ड्रायव्हर साबणाचा फेस पाइपांवर, जोडांवर, क्लिपांवर फासत गेला. एक फुगा येईल तर शपथ. हवेच्या फिल्टरचा डबा उघडला, फिल्टर काढून पुन्हा दाबायला लावलं. तेच फुसफुसणं, तोच धूर. डब्यापुढच्या पाइपच्या तोंडात त्यानं वाकून बघितलं. तोंड स्वच्छ, रिकामं. पुढं पाइप वळत होता, तिथं नजर पोचत नव्हती. कदाचित मेव्हण्याचंच खरं असेल.

पोरीनं हाक मारली. "बाबा, अजून किती वेळ?"

त्यानं मेव्हण्याला पुन्हा दाबायची खूण केली. गार वारा सुटला होता आणि अंगणातली धूळ साबणाच्या भांड्यात पडत होती.

तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, याचं पोट आत जातंय बघा."

"कशाचं?"

"या रबरी पाइपचं. गाडी ओरडली की पोट खपाटीला जातं, गप्प झाली की पुन्हा नीट होतं."

त्यानं बघितलं. वळणाच्या पुढचा, टर्बोकडं जाणारा रबरी पाइप. मेव्हण्यानं पुन्हा दाबलं, आणि तो जाड पाइप खरंच दोन्ही बाजूंनी आत ओढला गेला. टर्बो धडधाकट होता. तो जीव खाऊन हवा ओढत होता आणि त्याला हवा मिळत नव्हती. अलीकडं कुणीतरी त्याचा गळा धरला होता.

"बंद कर," तो ओरडला.

क्लिप सोडवताना त्याच्या बोटाची साल निघाली. पाइप ओढून काढला, वळणात दोन बोटं घातली. मऊ लागलं. त्यानं ओढलं, आणि काळ्याठिक्कर कापडाचा बोळा बाहेर आला.

मेव्हणा खाली उतरला, बोळ्याकडं बघितलं आणि बहिणीकडं वळला. "आक्का, हे तुझं काम. बाटल्या पुरल्या नाहीत म्हणून आता गाडी?"

ड्रायव्हरनं बोळा उलगडला. ते बनियनचं फडकं होतं, खांद्याच्या शिवणीवर निळ्या दोऱ्याचे टाके. ते बघताच त्याला आठवलं. काल फिल्टर झाडून उन्हात ठेवला होता. जेवायला हाक आली. कुंभारीण डब्याभोवती घिरट्या घालत होती, म्हणून दोरीवरचं हाताला लागलं ते फडकं ओढून त्यानंच पाइपच्या तोंडात कोंबलं होतं. दिवेलागणीला परत आला तो गाईनं दावं तोडल्याच्या गडबडीत, आणि अंदाजानंच फिल्टर बसवून मोकळा झाला; फडकं आतच राहिलं आणि आज हवेच्या ओढीनं वळणात जाऊन अडकलं.

त्यानं तोंड उघडलं. पण बायको आधी बोलली.

"हो, माझंच काम. पुढचं बघा."

तो गप्प बसला. खरं म्हणजे बरंच वाटलं त्याला, आणि त्याचीच नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली.

टर्बोच्या तोंडात बोट घालून त्यानं पातं फिरवलं. अलगद फिरलं, कुठं घासत नव्हतं, हलवलं तरी ढिलं लागत नव्हतं. फडकं तिथवर पोचलंच नव्हतं. पाइप चढवला, फिल्टर बसवला. पोरीला शेजारणींनी धरून आणलं. मेव्हणा मोटारसायकलवरून मागोमाग निघाला.

चढाच्या पायथ्याशी पहिला थेंब काचेवर पडला. ड्रायव्हरनं गिअर टाकला. गाडी गुरगुरली, क्षणभर अडखळली, आणि मग ती ओळखीची बारीक शीळ सुरू झाली. वळणाला मागचं चाक घसरलं, पोरीनं आईचा हात इतका दाबला की आईच कण्हली. पण शीळ तुटली नाही. धूरही नव्हता. टेकडी चढून गाडी पलीकडं उतरली तेव्हा त्याला कळलं की आपण एवढा वेळ दात आवळून बसलोय.

पोरीला आत नेलं. ऑपरेशन करावं लागेल म्हणाले आणि दार लागलं. बाहेरच्या बाकावर बसण्यापलीकडं हातात काही उरलं नाही.

मेव्हण्याला गप्प बसवत नव्हतं. काळजीनं त्याची जीभ जास्तच सुटायची. त्यानं दवाखान्याच्या वॉचमनला सगळी हकिकत रंगवून सांगितली, शेजारच्या बाकावरच्या अनोळखी माणसांनाही सांगितली. आमच्या आक्कानं काय केलं माहिती आहे का, गाडीच्याच घशात बोळा कोंबला, पोरीच्या जिवावर बेतलं होतं. माणसं बायकोकडं बघायला लागली. ती हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती.

"तिनं नाही," ड्रायव्हर म्हणाला.

"काय?"

"आक्कानं नाही कोंबला. मी कोंबला, माझ्या हातानं. आणि तिला दोष दिलास तेव्हा तोंड शिवून उभा राहिलो."

मेव्हण्याला पहिल्यांदाच मत सापडेना. तो वॉचमनकडं बघत राहिला.

ड्रायव्हर बायकोजवळ सरकून बसला. "तुला ठाऊक होतं?"

"निळा दोरा माझ्याच हातचा आहे."

"मग अंगावर कशाला घेतलंस?"

"तुम्ही दोघं भांडून मोकळे होईपर्यंत पोर थांबणार होती का?"

मग आतून एक बारीक, चिडका आवाज आला आणि बायकोनं त्याचा साल निघालेला हात घट्ट धरला. दुखलं, पण त्यानं सोडवून घेतला नाही.

दार उघडून नर्स बाहेर आली. मुलगी झाली, दोघी नीट आहेत, मऊ जुनं कापड आणलंय का, असं तिनं एका दमात विचारलं.

बायकोनं पिशवी उघडली. आत धुऊन, कापून, घडी घालून ठेवलेली त्याच्या जुन्या बनियनांची फडकी होती, येणाऱ्या बाळाच्या दुपट्यांसाठी. पोरीला नववा महिना लागल्यापासून ती तीच दोरीवर वाळत घालत होती. तिनं सगळी नर्सच्या हातात दिली.

"पुरतील का?" नर्सनं विचारलं.

"एक कमी आहे," बायको नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "पण भागेल."