मावशी आली गं!

डॅन्यूब समुद्राला मिळते तिथल्या कोळ्यांची एक रीत आहे. वसंतात स्टर्जन मासे अंडी घालायला समुद्रातून नदीत शिरले, की त्यांचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की मासा ऐकतो आणि मागे फिरतो. म्हणून सगळे त्याला मावशी म्हणतात. निकिफोरने अडुसष्ट वर्षांत पाळलेला हा एकमेव नियम, आणि नेमका तोच त्याला भोवला.

स्टर्जन धरायला बंदी आल्यापासून तो मासेतज्ज्ञ इलिंकाबाईंच्या हाताखाली होता. अंड्यांवर आलेली मादी जिवंत धरायची, ती कुठे जाते ते कळवणारं खुणेचं यंत्र लावायचं, सोडून द्यायची. "मावशी कुठवर आलीय ते मी वासावरून सांगतो," अशी फुशारकी त्याने गुत्त्यात मारली. त्यानंतर एकवीस दिवसांत जाळ्यात आलं वाळुंजाचं एक खोड आणि कुणाची तरी सायकल. नाकाला पडसं झालं असावं, असं आता त्यालाही वाटू लागलं होतं.

घरातही एक मावशी होतीच. म्हणजे नव्हती, तेच दुखणं. बायको मात्र्योनाची आई लहानपणीच गेली, तिला वाढवलं फेव्रोन्यामावशीने. नऊ वर्षांपूर्वी नदीच्या वरच्या अंगाला तिच्या गावी जेवताना निकिफोर म्हणाला, "मावशी, तुमच्या सुपातून मासा पोहून गेलेला दिसतो, थांबलेला नाही." चार माणसं हसली. मावशी हसली नाही. तेव्हापासून येणं-जाणं तुटलं. याच आठवड्यात मात्र्योनाने बोटीबरोबर मावशीला निरोप धाडला होता: एकदा येऊन जा.

बाविसाव्या सकाळी जाळं जड झालं. निकिफोरच्या दुप्पट लांब मादी, पोट गच्च भरलेलं. त्याने लगेच घरी फोन लावला.

"मात्र्योना, मावशी आली गं! धक्क्यावर आणतोय!"

पलीकडे काहीतरी फुटलं. "खरंच? दमलीय का हो?"

"दमणारच. एवढी वाट, तीही उलट्या पाण्याची, आणि पोटात अन्नाचा कण नाही!"

कोळ्याची बायको ती, रीत तिला ठाऊक नव्हती असं नाही. पण कान जे ऐकायला टपलेले असतात तेच ऐकतात.

धक्क्यावर मात्र्योना फुलांचा रुमाल बांधून उभी होती. हातात भरतकामाच्या टॉवेलावर पाहुणीच्या स्वागताचा पाव आणि मीठ. मागे न्हाणीघराचा धूर निघत होता.

"मावशी कुठाय?"

निकिफोरने नावेच्या कडेला, पाण्याकडे बोट दाखवलं.

"पाहुणी आधीच आंघोळीला उतरली वाटतं!" शेजारी सावा ओरडला, आणि धक्का हसून लोळला.

मात्र्योनाने पाव खाली ठेवला. इलिंकाबाईंनी यंत्र लावेपर्यंत ती माशाकडे बघत राहिली. "ही तरी आली," ती हळूच म्हणाली. "हिला जेवताना कुणी टोमणा मारला नसेल."

माशाला नावेशी बांधणारा दोर सुटला. मादीने शेपूट एकदाच हलवलं आणि प्रवाहाच्या उलट निघाली, जन्मगावी.

निकिफोर बघत राहिला. हिच्या अंगात दोनशे किलो, वर यंत्राचं ओझं, तरी निघाली. आपल्या जिभेवर एका 'चुकलं'चं वजन, ते नऊ वर्षांत उचललं नाही. आणि म्हणे वासावरून मावशी ओळखतो!

"सूप केलंयस?"

"केलंय. का?"

"झाकण घट्ट लाव आणि बस नावेत."

"तिथं जाऊन म्हणणार काय?"

"वाटेत पाठ करतो."

मासा उपाशीपोटी अख्खी नदी चढतो. निकिफोरने दुसऱ्याच वळणावर पातेल्याचं झाकण उचललं. "मासा पुरेसा आहे ना, तेवढं बघतो."

मात्र्योनाने पळी त्याच्या बोटांवर हाणली. "त्या तोंडाने आधी म्हणा. मोठ्याने."

"चुकलं, मावशी."

"इंजिनाच्या आवाजात तिला ऐकू जाईल का?"

निकिफोरने घसा खाकरला आणि वरच्या पाण्याकडे तोंड करून पुन्हा सुरुवात केली.