जन्मनोंदींच्या आलमारीचं तोंड भिंतीकडे

मी एक जुनी लोखंडी आलमारी आहे, मित्रांनो, आणि भिंत या विषयावर माझ्याइतकं कोणाला माहीत नसेल. चुना कुठे फुगला, मुंग्यांची रांग कुठून वळते, सगळं मला तोंडपाठ आहे. कारण कित्येक वर्षं माझं तोंड भिंतीकडे होतं. शिक्षा झालेली मुलं उभी राहतात तशी मी उभी होते. फरक एवढाच, की मुलांना तास संपल्यावर वळायला सांगतात.

माझा जन्म भंडाऱ्यातला. शेजारच्या दुकानात पाणी भरायचे पितळेचे गुंड ठोकले जात. ते लग्नात हळदकुंकू लावून मिरवायला जात. मी पत्र्याची. मला राखाडी रंग फासला आणि सरकारला देऊन टाकलं.

त्याच सुमारास जिल्ह्याची वाटणी झाली. गोंदिया वेगळा झाला. भाऊ वेगळे होताना घरातले हंडे वाटून घेतात, तशा टेबल-खुर्च्या वाटल्या गेल्या. मला ट्रकवर चढवलं, मग उतरवलं, मग पुन्हा चढवलं. माझ्यासाठी कोणीच भांडलं नाही. शेवटी लाखांदूर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीने मला नेलं. गावाचं नाव सांगत नाही. सरकारी आलमारीला तेवढी अक्कल असते.

तिथे माझ्या पोटात जन्म-मृत्यूची रजिस्टरं ठेवली. ती माझी सुखाची वर्षं. गावात बाळ झालं की घरातलं कोणीतरी धापा टाकत यायचं. ग्रामसेवक रजिस्टर काढायचे. तारीख, आईचं नाव, बापाचं नाव, मुलगा की मुलगी, खबर कोणी दिली, सगळं लिहायचे. एकवीस दिवसांच्या आत खबर दिली की काम सोपं. पुढे तेच बाळ शाळेत जायच्या वेळी आईचं बोट धरून दाखला घ्यायला यायचं, आणि मी कुरकुरत दार उघडायचे. अर्धं गाव माझ्याच पोटातून निघालं, असा मला थोडा गर्व झाला होता.

गर्वाचं घर खाली, म्हणतात. माझं घर मागे झालं.

झालं असं, की वरून आदेश आला. कोणता दाखला कसा मिळतो, ते दर्शनी भागात रंगवा. एका भिंतीवर झाडं लावण्याचा मजकूर होता, दुसरीवर शौचालयाचं चित्र, तिसरीला खिडक्या, चौथीवर महापुरुषांच्या तसबिरी. माझ्या दारावर लिहावं तर मध्ये कडी. पेंटर म्हणाला, आलमारीची पाठ कोरी आहे. मला फिरवलं आणि पाठीवर निळ्या अक्षरांत लिहिलं: ‘जन्म दाखला कसा मिळवावा. जन्म जिथे झाला तिथल्या कार्यालयात अर्ज करा. जन्मतारीख आणि आईवडिलांची नावे द्या. नोंद शोधून दाखला दिला जाईल.’

तपासणीचे साहेब आले. त्यांनी मजकूर दोनदा वाचला आणि शाबासकी दिली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती एकुलती एक शाबासकी, आणि तीही पाठीमागची.

मला पुन्हा वळवणारच होते. पण त्याच आठवड्यात फरशी बसवणारा आला. ‘आलमारी हटवा,’ तो म्हणाला. सगळे जेवायला गेले होते. त्याने माझ्या पायांभोवतीच फरशी बसवली आणि वर सिमेंट ओतलं. मी घोट्यापर्यंत पक्की झाले.

तेव्हापासून दाखला मिळवायची रीत माझ्या बाहेर आणि नोंदी माझ्या आत. माणसं यायची, माझी पाठ वाचायची, अर्ज द्यायची. मग त्यांना शिक्का मारलेला कागद मिळायचा: अभिलेख उपलब्ध नाही. मी आतून ऐकत राहायचे. ओरडावंसं वाटायचं. पण आलमारीचा आवाज दारात असतो, आणि माझं दार भिंतीला टेकलेलं.

एका गुरुवारी मनाली आली. सोबत तिच्या आईची आई, मंगलाबाई. मनाली साकोलीकडच्या गावची, खो-खो खेळणारी. जिल्ह्याच्या मुलींच्या संघात तिची निवड होत होती, पण वय आडवं आलं होतं. शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने जूनची तारीख टाकली होती. तिच्या वर्गातली सगळीच पोरं जूनमध्ये जन्मलेली. गावच्या सुईणीची त्या महिन्यात काय धांदल उडाली असेल! त्या तारखेने मनाली संघासाठी थोडीशी मोठी ठरत होती. खरी ती त्याच वर्षाच्या दिवाळीनंतरची. जन्माच्या वर्षातच केलेली नोंद आणि तिचा दाखला शनिवारपर्यंत दिला, तरच नाव यादीत राहणार होतं.

ग्रामसेवक भोजराज चहा पीत होते.

“बाबाच्या गावात सगळं दप्तर पाह्यलं, सायेब,” मनाली म्हणाली. “तिथं माही नोंद नाही.”

“मंग इथं कायले आली?”

मंगलाबाई पुढे झाल्या. “काहून म्हंजे? पहिलटकरीण बाळंतपणाले माहेरी येते का सासरी राह्यते, बाप्पा? माही लेक इथं आली होती. हे पोट्टी माह्या घरात झाली. तिकडच्या दप्तरात कशी सापडन?”

भोजराजांनी कप ठेवला. “बरोबर आहे, आजी. पण अभिलेख उपलब्ध नाही. तसं प्रमाणपत्र लिहून देतो. ते घेऊन तहसीलले अर्ज करा. उशिराची नोंद होऊन जाते.”

“उशिराची चालत नाही ना, सायेब. संघवाले घेत नाहीत. जुनीच पाह्यजे.”

“जुनी त उपलब्ध नाही.”

हे म्हणताना भोजराज माझ्या पाठीला टेकून उभे होते.

मनालीने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मंग तुमी टेकले कशाले आहा?”

मग मनालीने मला खांदा लावून ढकललं. पोरीच्या अंगात ताकद होती, पण माझे पाय सिमेंटात. मी जिवाच्या आकांताने हलायचा प्रयत्न केला. वरची धूळ तेवढी पडली.

“फरशी फोडा.”

“ऑडिट व्हाचं आहे तिचं.”

“मंग आलमारीची पाठ कापा.”

“शासनाचा मजकूर आहे तिच्यावर. मजकूर कापला त मले कापतीन.”

“मंग काय, भिंत फोडू?” मनाली चिडून म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

भोजराज एकदम उठले. त्यांनी पंचायतीच्या मालमत्तेची नोंदवही काढली. फरशीची नोंद होती. माझी होती. मजकुराच्या रंगकामाचीही होती. भिंत मात्र मागे कोणीतरी एका मोठ्या खोलीचे दोन भाग करायला उभारली होती, आणि तिची नोंद करायची राहून गेली होती.

“भिंत कुठंच नाही,” भोजराज हळूच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा आनंद होता. “जिची नोंद नाही, तिच्यासाठी परवानगी कोणाची घ्याची?”

मित्रांनो, हे वाक्य कानात जपून ठेवा. ज्याची नोंद नाही, त्याला कोणीही फोडू शकतं.

शुक्रवारी भिंत फुटली. आधी बोटाएवढा उजेड आला, मग हाताएवढा. पलीकडे अंगणवाडी होती. इतक्या वर्षांनी मी डोळे उघडले तर समोर खिचडीच्या ताटल्या घेऊन बसलेली मुलं! एक रडू लागलं. एकाने मला घास पुढे केला.

अंगणवाडीच्या सत्यभामाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. “पोरं जेवून राह्यली अन् तुमी आलमारी काढून राह्यले भिंतीतून? अजून काय काय निघणार आहे आतून?”

“मी निघणार आहे, बाई,” मनाली म्हणाली आणि तिने कडी ओढली.

माझ्या बिजागऱ्या किंचाळल्या. मला वाटलं, मीच किंचाळले.

आतलं पाहून सगळे थबकले. खालच्या कप्प्यातल्या रजिस्टरांचा वाळवीने भुगा केला होता. ती कोणाकोणाची होती, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. वाळवी माझ्या पायाशी येऊन आत शिरली. मला ती दिसत होती, पण माझ्याने काही होत नव्हतं.

वरचा कप्पा शाबूत होता. भोजराज मुलांच्या सतरंजीवर मांडी घालून बसले. “साल कोणतं, आजी?”

“सालाचं मले काय मालूम? जिल्हा फुटला त्याच्या मंगाच्या तिसऱ्या कापणीले. धान कापाले जावं का पोरीपाशी बसावं, असं झालं होतं मले.”

भोजराजांनी पानं उलटली. बोट खाली खाली सरकत गेलं आणि थांबलं. आईचं नाव होतं. बापाचं होतं. तारीख दिवाळीनंतरची होती. लिंग: स्त्री. आणि बाळाच्या नावाची जागा कोरी.

“माह्यं नावच नाही,” मनाली पुटपुटली. “म्हंजे मी अजून झालीच नाही का?”

“नाव ठेवाचंच होतं तवा,” मंगलाबाई म्हणाल्या. “तुहा आजा दुसऱ्याच दिवशी धावला नोंद कराले. मी म्हटलं, नाव त ठेवू द्या. म्हणे, नाव कुठं पळून जाते? पोरगी झाली हे त सांगून येतो.”

खबर देणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: यादोराव, बाळाचे आजोबा. पुढे अंगठा. यादोराव कधीच गेले होते. मंगलाबाईंनी त्या निळ्या ठशावर आपलं बोट ठेवलं, आणि कितीतरी वेळ काढलंच नाही. भोजराजांनीही पान उलटायची घाई केली नाही.

“नाव भरता येते, आजी,” ते मग म्हणाले. “मायबापानं अर्ज द्याचा, शाळेचा कागद जोडाचा. जुन्या नोंदींसाठी सरकारनं मुदत वाढवली आहे. आजच बलवा त्याहिले.”

मनालीचे आईवडील संध्याकाळच्या एसटीने आले. कोऱ्या रकान्यात नाव बसलं. शनिवारी सकाळी ओल्या शिक्क्याचा दाखला फुंकर मारत मनाली बसकडे पळाली. दुपारी मंगलाबाई अंगणवाडीत येऊन सांगून गेल्या, की नाव यादीत राहिलं. पुढचं ती मैदानात पाहील.

आता माझं दार अंगणवाडीत उघडतं. दाखल्यासाठी आलेली माणसं मुलांच्या पंगतीत बसून वाट पाहतात. पण थंडीत भगदाडातून वारा येतो, मुलं खोकतात, आणि सत्यभामाबाईंचं म्हणणं खोटं नाही. ग्रामसभेने भिंत पुन्हा बांधायचा ठराव केला आहे. या वेळी भिंतीची नोंदही होणार आहे. मला आधी वळवावं, असं मात्र ठरावात कुठे नाही.

मित्रांनो, घरी विचारा, आपण नेमके कुठे जन्मलो, आणि खबर द्यायला कोण धावलं होतं. सांगणारी माणसं आहेत तोवर विचारा. बाळ झालं तर एकवीस दिवसांत नोंद करा, आणि नाव ठेवलं की तेही भरून या. ज्या आलमारीत तुम्ही आहात, तिला वर्षातून एकदा तरी उघडायला लावा. आणि लाखांदूरकडचे असाल, तर निघाच. विटा माझ्यासमोर येऊन पडल्या आहेत. मिस्त्री सोमवारी येतो म्हणाला आहे.